एकतीस शोधनिबंधांचं स्थळ

लासूर स्टेशन,
६ जानेवारी २०२५

तनुजा,

आशीर्वाद. तू, अतुलराव आणि उस्मानपुऱ्यातले तुमचे शेजारीपाजारी सगळे मजेत आहेत असं धरून मुद्द्यावर येतो.

सख्ख्या चुलत्यानं पुतणीला ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाकीट टाकावं, याचं तुला नवल वाटेल. पण माझा मोबाइल प्रेरणाच वाचते. मला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत आणि मी बोलून पाठवलेलं तीच दुरुस्त करते. आता तिच्या लग्नाची चौकशी तिच्याच हातून कशी करायची? फोन करावा तर आडतीवर गिऱ्हाइकं आणि घरी तुझी काकू. तुझ्या घरी पत्र पाठवलं असतं तर अतुलरावांनी "काका, पत्र काय लिहिलंत?" म्हणून लगेच फोन केला असता, आणि तो प्रेरणानंच उचलला असता. म्हणून हा मार्ग. पोस्टात पाकीट मागितलं तर मास्तर म्हणाले, "सांडूअण्णा, कोर्टाचं लफडं हाय का काही?"

तर गोष्ट अशी. आपल्या बाजार समितीतल्या सर्जेरावांनी प्रेरणासाठी सिल्लोडचं स्थळ आणलं आहे. मुलगा सुदर्शन काकडे, तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. वडील मका-कपाशीवाले, घर स्वतःचं. मागच्या रविवारी बघण्याचा कार्यक्रम झाला. आपल्या घरात चौकशीशिवाय मुलगी दिलेली नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्या वेळी अतुलरावांच्या गल्लीतल्या न्हाव्याकडं मीच जाऊन बसलो होतो. माहिती निघेपर्यंत दोनदा दाढी करून घ्यावी लागली. याही वेळी सगळं रीतसर केलं. सातबारा बघितला. मुलाला व्यसन नाही, हे आडतीवरच्या कडुबाच्या मेव्हण्याकडून पक्कं केलं.

अडलं ते एकाच ठिकाणी. बायोडाटात जाड अक्षरात छापलं आहे, "आंतरराष्ट्रीय शोधनिबंध : ३१". जमीन सातबाऱ्यावर दिसते, घर डोळ्यांनी दिसतं, शोधनिबंध कुठं दिसतात? लासूरात मी तिघांना विचारलं. एकजण म्हणाला, तहसीलला चौकशी करा.

तुझा सगळा जन्म पुस्तकांत चालला आहे. एवढं बघून दे. एकतीस हे चांगले समजायचे का, की आणखी असायला हवे होते? सुपारी फोडायची तारीख काढायची आहे.

सांडूकाका

&nbsp;

छत्रपती संभाजीनगर,
१३ जानेवारी २०२५

सांडूकाका,

नमस्कार. पाकीट मिळालं. अतुलच्या न्हाव्याचं मला चौदा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, त्याबद्दल सावकाश बोलू.

एकतीस निबंध खरोखर आहेत. सापडायला वेळ लागला, कारण नुसतं "एस. काकडे" टाकलं तर शंभरेक माणसं समोर येतात. त्यातले एक गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेवर लिहितात आणि एक बाई संतवाङ्मयावर. मग कॉलेजचं नाव, विषय, सोबतच्या लेखकांची नावं जुळवत जुळवत तुमच्या सुदर्शनपर्यंत पोचले.

पण एकतीसपैकी सत्तावीस एकाच मासिकात आहेत. त्या मासिकाच्या नावात "आंतरराष्ट्रीय", "बहुविद्याशाखीय" आणि "प्रगत" हे तिन्ही शब्द आहेत, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. अंक उघडला. सुदर्शनच्या मातीवरच्या निबंधाच्या अलीकडे म्हशींच्या कासेचा आजार आहे आणि पलीकडे बँकांचं विलीनीकरण. संपादक मंडळात अमेरिकेतले एक प्राध्यापक आहेत. त्यांना मेल केला. त्यांचं उत्तर आलं, की माझं नाव काढा म्हणून मी कित्येक वर्षं यांच्या मागे लागलो आहे, तुमची ओळख असेल तर तुम्हीच सांगा. मग संपादकांना फोन केला. ते म्हणाले, पैसे भरा, तीन दिवसांत छापून देतो, विषय कोणताही चालेल. मी म्हटलं, अजून लिहिलेलाच नाही. तर म्हणाले, तेही करून देऊ.

शोधनिबंध असा निघत नाही, काका. माणूस काहीतरी शोधतो, लिहितो, आणि मासिकवाले ते त्याच विषयातल्या दोन-तीन अनोळखी माणसांकडे पाठवतात. ती माणसं त्यात खोड्या काढतात. हे कशावरून, ते किती वेळा मोजलं, हा आकडा कुठून आला. लेखक दुरुस्त करतो, पुन्हा पाठवतो, पुन्हा खोड्या निघतात. महिने जातात, लेखकाची झोप जाते, मग कुठं छापून येतं. या मासिकात मधलं सगळं गाळलं आहे.

मुलाला लगेच लबाड ठरवू नका. हे छापले त्या काळात कॉलेजात निबंध मोजून गुण मिळायचे आणि नवीन लागलेली पोरं हेच करायची. उरलेले चार मी नीट वाचते. थोडा वेळ द्या.

आणि प्रेरणाला मुलगा कसा वाटला? तुमच्या पत्रात सगळं आहे, एवढंच नाही.

तनुजा

&nbsp;

लासूर स्टेशन,
१९ जानेवारी २०२५

तनुजा,

तुझं पत्र आडतीच्या गल्ल्यात कुलूप लावून ठेवलं आहे. वाचून फार समाधान वाटलं. अमेरिकेपर्यंत पोचलीस, शाबास.

तीन दिवसांत छापतात हे वाचून तर मुलाबद्दल आदर वाढला. आपल्याकडं साधा रहिवासी दाखला निघायला पंधरा दिवस लागतात. इतक्या लवकर काम होतं म्हणजे तिथं त्याची ओळख असणार, वजन असणार. आणि एकाच ठिकाणी सत्तावीस वेळा छापलं, म्हणजे माणूस एकाच दुकानाला धरून राहणारा आहे. आज इथं, उद्या तिथं, असा नाही.

बघण्याच्या दिवशी त्याच्या वडिलांनी सत्तावीस प्रमाणपत्रं आणली होती. प्रत्येकाला सोनेरी वेलबुट्टी आणि खाली "इम्पॅक्ट फॅक्टर ७.८" असं लिहिलेलं. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, हे जितकं जास्त तितकं चांगलं. आपल्या डेअरीत सात पॉइंट आठ फॅटचं दूध कुणी घातलं तर त्याला खुर्ची देतात. तू ते गुडघ्यांवरचे निबंधही एकदा बघून घे. मुलाचे नसले तरी काकड्यांचेच आहेत.

प्रेरणाचं विचारलंस. तिला काय विचारायचं? आपली पोरगी गंगापूरच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवत असली तरी वळणाची आहे, "तुम्ही म्हणाल ते" म्हणते. दोघांना बोलायला आतल्या खोलीत बसवलं होतं. मी कान देऊन होतो. त्यानं विचारलं, "विहिरीचं पाणी कसं आहे?" ती म्हणाली, "गोड आहे." मग दोघंही गप्प. एवढी सोज्वळ पोरं आजकाल बघायला मिळत नाहीत. काकूला मात्र त्याच वेळी का हसू आलं ते कळलं नाही.

उरलेल्या चारांचं लवकर कळव. सर्जेराव रोज विचारतात.

सांडूकाका

&nbsp;

छत्रपती संभाजीनगर,
३० जानेवारी २०२५

सांडूकाका,

तुमच्या पत्राला काय उत्तर द्यावं याचा मी दोन दिवस विचार केला आणि सोडून दिला. फक्त एवढंच सांगते, की इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मासिकातले लेख इतरांनी किती वापरले याचं माप, आणि ७.८ हा आकडा त्यांचा त्यांनीच ठरवला आहे. फॅट गवळ्यानंच मोजलं तर किती भरेल तेवढं भरेल.

आता चार निबंध. एकात आठ लेखक आहेत आणि आपला मुलगा सातवा. त्यानं त्यात काय केलं ते कळायला मार्ग नाही. दुसरा परिषदेत वाचलेला, छोटासा, बरा. तिसरा मातीतल्या जस्तावर आहे आणि चांगला आहे. निष्कर्ष तक्त्यांत जेवढं आहे तेवढाच काढला आहे, फुगवलेला नाही. दुसऱ्या विद्यापीठांतल्या लोकांनी तो वाचून आपल्या लेखांत वापरला आहे. एवढ्यावर मी म्हटलं असतं, की मुलाला काम येतं.

पण मला तुम्हाला चौथ्याबद्दल सांगायचं आहे. तो सिल्लोड आणि गंगापूर तालुक्यांतल्या विहिरींच्या पाण्यावर आहे. मासिक नावाजलेलं, जिथं छापून यायला लोक झुरतात. आणि त्या निबंधाच्या पानापानावर लाल अक्षरांत शिक्का आहे, "मागे घेतला".

सोबत एक निवेदन आहे. ते सुदर्शननंच लिहिलं आहे. त्यात म्हटलं आहे, की काही नमुने पाणी मिसळून पातळ करून मोजले होते आणि नंतरचा गुणाकार हिशेबात चुकून दोनदा झाला. त्यामुळे क्षारांचे आकडे दहापट आले. एका वाचकानं पत्र लिहून ही चूक दाखवली. आम्ही पुन्हा नमुने घेतले, वाचकाचं म्हणणं बरोबर निघालं, म्हणून हा निबंध आम्ही आपणहून मागे घेत आहोत. त्या वाचकाचे आभार.

काका, मी वीस वर्षं हे काम करते. चूक झाली म्हणून लोक गप्प बसतात, वाचकाला उत्तर देत नाहीत, दोष विद्यार्थ्यांवर ढकलतात. स्वतःच्या सगळ्यात मोठ्या मासिकातला निबंध स्वतः मागे घेणारा माणूस मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतका पाहिला आहे. एकतीसांत मला हा एकच आवडला. माझं मत विचाराल तर हो म्हणा. पण आधी प्रेरणाला विचारा.

तनुजा

&nbsp;

लासूर स्टेशन,
७ फेब्रुवारी २०२५

तनुजा,

तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही. तू होतीस म्हणून वाचलो.

पत्र वाचता वाचता "मागे घेतला" इथं आलो. पुढचं मग धड वाचवलंच नाही. आपल्या पंचक्रोशीत सुपारी परत आली तर दहा वर्षं लोक विसरत नाहीत, आणि इथं तर छापून परत घेतलेलं, तेही लाल शिक्का मारून. प्रत्येक पानावर! आणि ज्यानं चूक काढली तो कोण वाचक, त्याचं आणि मुलाचं काय वैर, ते तर कळलंच नाही. असल्या भानगडीत पोर कशी द्यायची?

तसाच उठून बाजार समितीत गेलो. सर्जेराव मक्याच्या लिलावाला उभे होते. मी चारचौघांत सांगितलं, "सिल्लोडला नाय कळवा. पोराचा निबंध सरकारानं परत घेतलाय." सरकारानं हे माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, पण शिक्का म्हटल्यावर सरकारच डोळ्यांपुढं येतं. सर्जेरावांनी तिथूनच फोन लावला.

संध्याकाळपर्यंत लासूरात झालं, की मुलाला कॉलेजानं घरी बसवलं. दुसऱ्या दिवशी सिल्लोडहून येणाऱ्या एका व्यापाऱ्यानं सांगितलं, तिकडं कॉलेजात पोरं त्याला विचारतात, "सर, तुम्हाला पोलीस घेऊन जाणार व्हय?" म्हणजे बघ, आपण किती वेळेवर सुटलो.

प्रेरणाला सांगितलं, स्थळ मोडलं. ती जेवली नाही. पोटात दुखत असेल. तुझी काकूही माझ्याशी बोलत नाही, तिचं काय दुखतंय ते विचारलेलं नाही.

तुला साडी घेऊन ठेवली आहे.

सांडूकाका

&nbsp;

छत्रपती संभाजीनगर,
११ फेब्रुवारी २०२५

काका,

साडी परत करा.

मला तुमचा इतका राग आला आहे, की हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्या दोन पत्रांत मी काय लिहिलं होतं ते बाबा असते तर त्यांनी तुम्हाला वाचू दिलं नसतं.

सरकारानं काही परत घेतलेलं नाही. त्या मुलानं स्वतः घेतलं. आकडा चुकला हे कळल्यावर त्यानं जगासमोर सांगितलं, की माझं चुकलं, यावर विसंबू नका. कारण त्या आकड्यांवर विसंबून कुणीतरी आपली चांगली विहीर बुजवली असती. त्यानं असं सांगितल्यानं त्याची नोकरी गेली नाही, पोलीस आले नाहीत. पोलिसांना आणलंत ते तुम्ही, मक्याच्या लिलावात उभं राहून.

मी तुम्हाला चार पानं लिहिली आणि तुम्ही दोन शब्द वाचलेत. सत्तावीस वेळा पैसे भरून छापलं ते तुम्हाला भूषण वाटलं, आणि ज्या एका ठिकाणी तो मुलगा सरळ वागला तिथं तुम्ही त्याला आडवं पाडलंत.

मुलगा नवरा म्हणून चांगला आहे की नाही, हे मला माहीत नाही. ते कळण्याची सोय ग्रंथालयात नाही. पण एका माणसाची तुम्ही विनाकारण बदनामी केली आहे आणि ती तुम्हालाच निस्तरायची आहे. ज्या जागी बोललात त्याच जागी उभं राहून सांगा, आणि सिल्लोडला स्वतः जा. सर्जेरावांना पाठवू नका.

प्रेरणाच्या पोटात दुखत नाहीये. जाऊन विचारा तिला.

तनुजा

&nbsp;

लासूर स्टेशन,
१५ फेब्रुवारी २०२५

ताई,

हे पत्र माझं आहे, अण्णांचं नाही. मेलही केला असता, पण सध्या आपल्या घरात पोस्टाची चलती आहे.

तुझं शेवटचं पत्र अण्णांनी गल्ल्यातून काढून घरी आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. म्हणाले, "हे वाच. अन् तुला ज्या शिव्या द्यायच्या त्या दे." मग तीस तारखेचंही आणलं. मी दोन्ही वाचली. शिव्या दिल्या नाहीत. फक्त सांगितलं, की अण्णा, तो पत्र लिहिणारा वाचक म्हणजे मीच.

तुझ्यापासूनही लपवलं, त्याबद्दल रागावू नकोस. एम.एस्सी.ला असताना तुझ्याच ग्रंथालयात शोधायची सवय लागली. लासूरला आल्यावर एकदा आपल्या भागातल्या पाण्यावर काय छापलं आहे ते बघत होते, तर हा निबंध निघाला. तक्त्यात लासूर शिवारातली एक विहीर होती. गट नंबर बघितला तर आपलीच! कुणीतरी नमुना नेला असणार. आणि क्षारांचा आकडा असा, की ते पाणी प्यायलो असतो तर आम्ही कुणीच उरलो नसतो. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोनदा तपासलं. बरोबर दहावा हिस्सा आला. मग लेखकाला मेलवर पत्र लिहिलं. मेल जरा तिखट होता. शेवटी लिहिलं होतं, की आम्ही हे पाणी रोज पितो, तुम्ही येऊन पिऊन बघा.

तो आला. बाटल्या घेऊन, एसटीनं. अण्णा बाजारात होते. आईनं चहा दिला. तो नमुना घेण्याआधी तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "माझं चुकलंय." पुढं निबंध मागे घेईपर्यंत चार महिने आमचं बोलणं फक्त क्षारांवर चाललं होतं. नंतर इतर विषयांवर.

बघण्याच्या वेळी त्यानं मला पाणी कसं आहे विचारलं ते त्यामुळं. आई त्यामुळंच हसली. आम्ही आधीपासून ओळखतो असं सांगितलं असतं, तर अण्णांनी चौकशी न करताच नाही म्हटलं असतं. म्हणून सर्जेरावकाकांच्या कानावर आईनं हे स्थळ घातलं, आणि सगळं रीतसर होऊ दिलं. ३१ लिहू नकोस, असं मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, बायोडाटा वडिलांनी छापून आणले आहेत, शंभर प्रती.

हे सगळं ऐकून अण्णा म्हणाले, "पानी आपल्याच विहिरीचं?"

मी म्हटलं, "व्हय."

"मला का नाय सांगितलं?"

"तुमी इचारलं का?"

यावर ते उठून बाहेर गेले. ताई, मला आता फार भीती वाटते. अण्णांची नाही. सुदर्शनचा फोन लागत नाही. त्याच्या वडिलांनी त्याला सांगितलं आहे, की लासूरचं नाव या घरात काढायचं नाही. तो ऐकेल असं नाही, पण त्याच्या कॉलेजात जे झालं, त्यानंतर त्यानं का ऐकू नये, हेही मला कळत नाही. मला त्याच्याशीच लग्न करायचं आहे. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं, तुला पहिल्यांदा लिहिते आहे.

प्रेरणा

&nbsp;

लासूर स्टेशन,
४ मार्च २०२५

तनुजा,

या वेळी प्रेरणानं सांगितलं, ताईला तुम्हीच लिहा, सगळं लिहा. म्हणून लिहितो.

तू सांगितलंस तसं आधी बाजार समितीत गेलो. त्याच ओट्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, सिल्लोडच्या पोराबद्दल मी बोललो ते खोटं होतं. निबंध त्यानं सोताच मागं घेतला. चूक माझी." चुकीचं बोललो होतो तेव्हा सगळा बाजार ऐकत होता. दुरुस्ती सांगायला लागलो तर लिलाव सुरू झाला. तीन-चार जणांनी ऐकलं. त्यातला एक म्हणाला, "म्हंजी पोलिसांनी सोडला म्हना की." मी त्याचा हात धरून त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग रोज जाऊन भेटेल त्याला सांगत राहिलो. आता मला लांबून बघितलं तरी लोक म्हणतात, "अण्णा, ठावं हाय, गुणाकार दोनदा झाला."

मग सिल्लोडला गेलो. एकटा. काकड्यांच्या ओसरीवर सात-आठ माणसं होती, मी त्यांच्यासमोरच बोललो. सुदर्शन कॉलेजात होता, ते बरंच झालं. त्याच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी आधी व्हय म्हनता, मग नाय म्हनता, आता पुन्हा व्हय. पोराला सगळ्या कॉलेजात तोंड लपवायला लावलं. आता आमी तुमची चौकशी करू."

मी म्हटलं, "करा. लासूरात कुनालाबी इचारा."

परत येताना एसटीत लक्षात आलं, काय बोलून बसलो. चाळीस वर्षं आडत केली. लासूरात मला ओळखणारी माणसं दोन प्रकारची. ज्यांचा माल घेतला ती म्हणतात भाव पाडला, आणि ज्यांचा घेतला नाही ती म्हणतात दारात उभं केलं नाही. आमचा न्हावी तर गेल्या दिवाळीपासून माझ्याशी बोलत नाही. मला जेवण जाईना. आयुष्यभर लोकांच्या घरात डोकावलो, पण आपल्या घरात कुणी डोकावतंय म्हटल्यावर काय होतं ते आता कळलं. रोज वाटायचं, आज नकार येईल, आणि पोरीपुढं कोणत्या तोंडानं उभा राहू.

आठवडा गेला, कुणी आलं नाही. कुणाला विचारल्याचंही कानावर आलं नाही. मग काल दुपारी माझा मोबाइल वाजला. प्रेरणानं उचलला. सुदर्शनच्या आई होत्या, सुरेखाबाई. मी दाराआड होतो. ऐकू नये हे कळत होतं, पण तिथंच उभा राहिलो. त्या मोठ्यानं बोलतात, सगळं ऐकू येत होतं.

त्या म्हणाल्या, "पोरी, हे म्हनत होते लासूरात फिरून इचारावं. मी म्हटलं, फिरायचं कशाला? ज्या पोरीनं आपल्या पोराची चूक त्याच्या तोंडावर सांगितली, ती बापाबद्दल खोटं कशाला बोलंल? तूच सांग. कसे हायेत तुझे वडील?"

मी तिला या सगळ्यात एकदाही विचारलं नव्हतं, तुला मुलगा कसा वाटला म्हणून. आणि आता माझ्याबद्दल तिलाच विचारत होते.

ती म्हणाली, "चुकतात. लई घाईनं चुकतात. अन् आपलं चुकलं हे पटायला त्यांना फार वेळ लागतो. पन एकदा पटलं, की चारचौघांत जाऊन सांगतात. लोक हसले तरी सांगत राहतात."

पलीकडून सुरेखाबाई म्हणाल्या, "आमच्या घरात एवढंबी कुनी करत नाय, एक सुदर्शन सोडला तर. रविवारी या म्हनावं त्यांना, सुपारी घेऊन."

तर रविवारी जायचं आहे. अतुलराव आणि तू सकाळीच या. सुदर्शननं पाठवलेला नवा बायोडाटा काकूनं बघितला, त्यात शोधनिबंध तीन लिहिले आहेत. मी कुणाला काही विचारलं नाही.

प्रेरणानं फोन ठेवल्यावर मी म्हशीला पेंड घालायला म्हणून गोठ्यात गेलो. पेंड सकाळीच घातलेली होती. पुन्हा घातली. तिथं उभा राहून रडलो, तनुजा. माझ्याबद्दल कुणीतरी खरं बोललं, आणि ते माझ्या पोरीनं बोललं, आणि ते ऐकून पलीकडच्यांनी हो म्हटलं. म्हैस बघत होती, तिला डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं. मग आत गेलो आणि प्रेरणाला विचारलं, "पोरी, तुला पोरगा कसा वाटतो?"

सांडूकाका